‘कीपर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: इंग्रजी ‘कीपर’ या शब्दापुढे शब्दकोशात ‘रक्षक, राखणदार’ असे अर्थ दिलेले असतात, पण वाचताना ते धड कुठेच बसत नाहीत. एका मालिकेत आजी नातीच्या मित्राकडे बघून ‘ही इज अ कीपर’ म्हणते. एका संग्रहालयाकडून आलेल्या पत्रात सही करणाऱ्या विदुषीच्या नावाखाली ‘कीपर’ असं पद छापलेलं आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात चुंबकालाही कीपर असतो. आणि ‘अ‍ॅम आय माय ब्रदर्स कीपर?’ हे वाक्य तर लेखांत, भाषणांत सारखं भेटतं. या सगळ्यांना चालेल असा एकच मराठी शब्द आहे का?

नाही, आणि तो शोधायलाही जाऊ नये. मी गेली पंचवीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आहे आणि या एका शब्दासाठी मी निदान तीस-चाळीस वेगवेगळे मराठी शब्द वापरले असतील. घोळ होतो तो ‘कीपर’ म्हणजे आधी ‘रक्षक’ असं आपण धरून चालतो म्हणून. रक्षण हा त्याचा एक अर्थ आहे, मूळ अर्थ नाही.

मूळ धातूपासून सुरुवात करू. ‘कीप’ हे जुन्या इंग्रजीतलं ‘केपान’. साधारण एक हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणात ते सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ लक्ष ठेवणं, नजर ठेवणं, वाट बघणं, ध्यानात घेणं असा आहे. लॅटिनमधल्या ‘ऑब्सेर्वारे’ या क्रियापदासाठी ते वापरलं जाई. म्हणजे मूळ काम डोळ्यांचं. हातात धरणं, जवळ बाळगणं, सांभाळणं हे अर्थ पुढे वाढत गेले. या धातूची दुसरी एक गंमत म्हणजे जर्मन, डच वगैरे भावंड भाषांत त्याचा खात्रीचा नातेवाईक सापडलेला नाही. इंग्रजीतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांपैकी एक, आणि घराण्यात एकटं. कदाचित म्हणूनच त्याचं एका शब्दात भाषांतर करू बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आता मराठीत या एका क्रियापदाचं काय होतं ते बघा. वचन आपण पाळतो. गुपित राखतो. हिशेब ठेवतो, पण वह्या लिहितो. दुकान चालवतो. कुत्रा पाळतो, गुरं राखतो, मूल सांभाळतो. अंतर राखतो किंवा ठेवतो. आठवण जपतो. फळ टिकतं. कुणाला ताटकळत ठेवतो. इंग्रजीत या सगळ्यांना ‘कीप’ चालतं. ‘कीपर’चं भाषांतर करताना मी म्हणूनच नामाकडे बघतच नाही. ‘कीपर ऑफ’ कशाचा, हे आधी बघते आणि त्या वस्तूशी मराठीत कोणतं क्रियापद जातं ते स्वतःला विचारते. क्रियापद सापडलं की शब्द बहुधा आपोआप येतो. मधमाश्या पाळतात, म्हणून मधमाशीपालक किंवा सुटसुटीत ‘मधपाळ’. हिशेब ठेवतात, म्हणून हिशेबनीस. गोल राखतात, म्हणून गोलरक्षक.

रक्षणाचा अर्थ किती फसवा आहे, याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या अगदी डोळ्यांसमोर असतं आणि तरी दिसत नाही. क्रिकेटमधला विकेटकीपर. आपण त्याला यष्टिरक्षक म्हणतो. पण यष्ट्यांचं रक्षण तो करतो का? यष्ट्या वाचवण्यासाठी जिवाचं रान करतो तो फलंदाज. विकेटकीपर तर त्या कधी उडवता येतील याचीच वाट बघत असतो. फलंदाजाचा पाय रेषेबाहेर गेला रे गेला की बेल्स उडवणारा हाच. शब्दाचा अर्थ रक्षणाचा घेतला तर हा खेळाडू भक्षक ठरतो. इंग्रजीत मात्र ‘टु कीप विकेट’ म्हणजे यष्ट्यांमागची ती जागा न सोडता, डोळ्यांत तेल घालून तिथे उभं राहणं. ‘केपान’चा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ, नजर ठेवून वाट बघणं, इथे जसाच्या तसा शिल्लक आहे. क्रिकेटच्या नियमांतला सत्ताविसावा नियम फक्त या एका खेळाडूसाठी आहे. हातमोजे आणि कपड्यांवरून पॅड घालायची परवानगी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात त्याला एकट्याला असते. या सवलतीही त्याच्या जागेमुळेच आहेत. एक नक्की सांगते, ‘यष्टिरक्षक’ बदलून दुसरा शब्द आणा असं माझं म्हणणं नाही. तो शब्द रुळला, समालोचनात मुरला, आता तोच बरोबर. फक्त त्याच्या जोरावर ‘कीपर म्हणजे रक्षक’ असा नियम बनवू नका.

फुटबॉल किंवा हॉकीतला गोलकीपर मात्र खरोखर रक्षण करतो, तिथे काही अडचण नाही. १९१२ सालापर्यंत फुटबॉलच्या गोलरक्षकाला मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात कुठेही चेंडू हातात घेता यायचा. त्या वर्षापासून ती मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती राहिली. ‘कीपर’ आणि जागा यांचं नातं इथेही आहेच.

मग ‘गार्ड’, ‘वॉर्डन’, ‘गार्डियन’ आणि ‘कीपर’ यांत फरक काय? पहिले तिन्ही शब्द एकाच जुन्या जर्मानिक मुळातले. फ्रेंचच्या एका बोलीत सुरुवातीचा ‘व’ टिकला आणि दुसरीत त्याचा ‘ग’ झाला. इंग्रजीने दोन्ही रूपं उचलली. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. या मुळातला माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘लॉर्ड’. जुन्या इंग्रजीत तो ‘हलाफवेअर्ड’ होता, म्हणजे पावाचा राखणदार. घरातल्यांच्या तोंडी घास पडतो आहे ना, हे बघणारा तो धनी. या कुळातल्या शब्दांत बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या धोक्याची जाणीव असते. ‘कीपर’मध्ये ती असेलच असं नाही. गार्ड संकट येईल म्हणून उभा असतो. कीपरचं काम संकट नसलं तरी रोज उठून करावंच लागतं. दीपगृहाच्या कीपरला मनोऱ्यावर कुणी हल्ला करील अशी भीती नव्हती. त्याने वाती कातरायच्या, काचा पुसायच्या, यंत्राला किल्ली द्यायची आणि रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. ब्रिटनमधल्या शेवटच्या माणसं असलेल्या दीपगृहाचं, नॉर्थ फोरलंडचं, १९९८ साली स्वयंचलन झालं आणि ते काम तिथे संपलं. अशा माणसाला ‘दीपगृहाचा पहारेकरी’ म्हटलं तर त्याच्या आयुष्याचा अर्थच बदलतो. मी ‘दीपगृहपाल’ लिहिते आणि संवादात ‘दिवा सांभाळणारा’.

या ‘पाल’वर थोडं थांबते, कारण मराठीचं धन इथे आहे आणि आपण ते वापरत नाही. इंग्रजीत ‘कीपर’ हा जोडशब्दाचा शेपूट-शब्द म्हणून फार चालतो: शॉपकीपर, गेटकीपर, बुककीपर, टाइमकीपर. आपल्याकडे या शेपटीच्या जागी निरनिराळ्या घरांतून आलेले तुकडे आहेत. संस्कृतातून ‘पाल’ आणि ‘पाळ’: द्वारपाल, ग्रंथपाल, लेखापाल, क्षेत्रपाल, गोपाळ. फारसीतून ‘दार’, म्हणजे धरणारा, बाळगणारा: दुकानदार, खजिनदार, चौकीदार, किल्लेदार. फारसीतूनच ‘बान’, जे आपल्याकडे ‘वान’ झालं: दरवान, बागवान. (धनवान, गुणवान यांतला ‘वान’ वेगळा, तो संस्कृतातला आणि त्याचा अर्थ ‘असलेला’.) हिशेबनीस, चिटणीस यांतला ‘नीस’ म्हणजे लिहिणारा. शिवाय आपला घरचा ‘राखा’: पाठराखा, पाठराखीण. नव्या जोडशब्दासाठी यांतला कोणता तुकडा घ्यावा याचा माझा ढोबळ अंदाज असा, की जिवंत गोष्ट किंवा संस्था असेल तर ‘पाल’, मालमत्ता असेल तर ‘दार’ किंवा ‘धारक’, आणि नोंदी असतील तर ‘नीस’. चुकतं कधीकधी, पण सुरुवात तरी होते.

‘जामदार’ हा शब्द घ्या. फारसीत ‘जामा’ म्हणजे वस्त्र. जामदार म्हणजे राजाची वस्त्रं सांभाळणारा. वस्त्रांबरोबर दागिने आले, दागिन्यांबरोबर रोकड आली आणि जामदारखाना म्हणजे खजिना झाला. इंग्लंडमध्ये ‘वॉर्डरोब’, शब्दशः वस्त्रं राखण्याची जागा, हे तेराव्या शतकात राजाच्या पैशाचा व्यवहार बघणारं मोठं खातं होतं आणि त्याच्या प्रमुखाला ‘कीपर ऑफ द वॉर्डरोब’ म्हणत. दोन टोकांच्या दोन दरबारांत कपड्यांच्या खोलीतून तिजोरी निघाली. त्या काळावरच्या पुस्तकाचं भाषांतर करायची वेळ आली तर ‘वस्त्रागाराचा प्रमुख’ असला कोरडा शब्द न घडवता ‘जामदार’ लिहावं असं मला मनापासून वाटतं. शब्द तयार आहे, नेमका आहे आणि सत्तेचा वासही त्यात आहे.

सत्तेवरून आठवलं, ‘लॉर्ड कीपर ऑफ द ग्रेट सील’. राजाचा मोठा शिक्का ज्याच्या ताब्यात, त्याचं हे पद. शिक्क्याची चोरी होऊ नये म्हणून नेमलेला हा रखवालदार नव्हे. शिक्का उमटल्याशिवाय राजाज्ञेला अर्थ नाही, म्हणून शिक्का ज्याच्या हाती त्याच्या हाती कारभार. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कायदा करून या कीपरला लॉर्ड चान्सलरइतकेच अधिकार दिले गेले. १६८८ साली इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स पळून जाताना त्याने हा शिक्का थेम्स नदीत टाकून दिला. शिक्काच नसेल तर मागे राहिलेल्यांना राज्य चालवता येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. या पदावरचा शेवटचा माणूस रॉबर्ट हेन्ली, १७६१ साली लॉर्ड चान्सलर झाला, आणि पद संपलं. फ्रान्समध्ये न्यायमंत्र्याला आजही ‘शिक्क्यांचा राखणदार’ अशा अर्थाचं बिरुद आहे. मराठीत ‘मुद्राधारक’ किंवा ‘राजमुद्राधारी’ चालेल. ‘रक्षक’ नको.

संग्रहालयाच्या पत्राचं उत्तरही इथेच आहे. ब्रिटिश म्युझियमसारख्या जुन्या संस्थांत एखाद्या विभागाच्या प्रमुख विद्वानाला ‘कीपर’ म्हणण्याची रीत आहे. नाणी, हस्तलिखितं, प्राचीन मूर्ती यांच्या अभ्यासात आयुष्य घातलेली ही माणसं असतात. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका लेखात अशा एका पदाचं भाषांतर ‘संग्रहालयाचे रखवालदार’ असं केलं होतं. ते तसंच छापलं गेलं. कित्येक दिवसांनी एका वाचकाने पत्र पाठवून सांगितलं, की ज्या बाईंना तुम्ही दारावर बसवलं आहे, त्यांचे ग्रंथ आम्ही अभ्यासाला वापरतो. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. आपल्या परिभाषेत ‘क्युरेटर’साठी ‘अभिरक्षक’ हा शब्द आहे. या कीपरसाठी ‘विभागाच्या प्रमुख अभिरक्षक’ असं लिहावं. जरा जड आहे, पण माणसाचा मान राहतो.

आता ताबा आणि मालकी. ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदणीपत्रावर ‘रजिस्टर्ड कीपर’ असं नाव असतं आणि तो कायद्याने मालक असेलच असं नाही, हे त्याच कागदावर बजावलेलं असतं. गाडी कंपनीची आणि वापरणारा कर्मचारी, असं असू शकतं. इथे ‘नोंदणीकृत मालक’ लिहिणं म्हणजे सरळ चूक, ‘नोंदणीकृत वाहनधारक’ हवं. तिथल्याच १९७१ च्या प्राण्यांविषयीच्या कायद्यात ‘कीपर’ची व्याख्या आहे: प्राणी ज्याच्या मालकीचा किंवा ज्याच्या ताब्यात आहे तो, आणि प्राणी सोळा वर्षांखालच्या मुलाचा असेल, तर त्या घराचा कर्ता. कुत्रा मुलीचा, पण कुणाला चावला तर प्रश्न वडिलांना. कायद्याला इथे पाळणारा नको आहे, जबाबदार माणूस हवा आहे. अशा कागदांत एकदा ‘धारक’ किंवा ‘ताबेदार’ यांतला एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. आणि मुलांच्या खेळातलं ‘फाइंडर्स कीपर्स’ याच्या अगदी उलट. तिथे ज्याच्या हाती लागलं तो थेट मालकच होऊन बसतो. मराठीत: ‘ज्याला सापडेल त्याचं!’

गेमकीपरने भल्याभल्यांना फसवलं आहे. इंग्रजी कादंबऱ्यांत तो भेटतो आणि मराठीत त्याचा ‘वनरक्षक’ होतो. पण जमीनदाराच्या रानात तितर, फेझंट असे पक्षी वाढवणं, कोल्ह्यांचा आणि चोरून शिकार करणाऱ्यांचा बंदोबस्त करणं, हे त्याचं काम; आणि हे सगळं कशासाठी, तर हंगामात मालकाला आणि पाहुण्यांना शिकार कमी पडू नये म्हणून. तो पक्षी राखतो, पण पक्ष्यांसाठी नव्हे. ‘शिकारीच्या रानाचा राखणदार’ असं लांबलचक का होईना, पण तेच लिहावं. त्यावरून आलेला ‘पोचर टर्न्ड गेमकीपर’ हा वाक्प्रचार ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ असा भाषांतरित झालेला मी वाचला आहे. तो चुकतो. आपल्या म्हणीत किल्ल्या देणाऱ्याचा मूर्खपणा आहे. इंग्रजीत तसं काही नाही, उलट चोराला चोराच्या वाटा ठाऊक असतात म्हणून तो चांगला राखणदार होईल, असाही सूर असू शकतो. ‘काल नियम मोडणारा आज नियम पाळायला लावतो आहे’ असं साधं लिहिलं तरी पुरतं.

गेटकीपरचा शब्दशः अर्थ सोपा आहे, द्वारपाल. लाक्षणिक अर्थ अलीकडचा. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात घरातल्या ताटापर्यंत कोणतं अन्न पोचतं आणि ते कोण ठरवतं याचा अभ्यास करताना ही कल्पना मांडली. १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट याने ती वृत्तसंपादकाला लावली: तारेवरून आलेल्या बातम्यांतल्या कोणत्या छापायच्या आणि कोणत्या टोपलीत टाकायच्या हे ठरवणारा माणूस. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारविषयक कायद्यातही हाच शब्द आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाबेट, अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्यांना ‘गेटकीपर’ ठरवलं गेलं, कारण ग्राहकापर्यंत जायची वाट त्यांच्या दारातून जाते. इथे ‘द्वारपाल’ लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भालदार उभा राहतो. मी कायद्याच्या संदर्भात ‘प्रवेशनियंत्रक’ वापरते. आणि तरुण मुलं एखाद्याला ‘गेटकीप करू नकोस’ म्हणतात, तेव्हा ‘आम्हालाही येऊ दे की, आडवा का पडतोस?’ असं.

वस्तूंचे कीपर मला फार आवडतात, कारण तिथे मराठी अचानक पुढे निघून जाते. नालाच्या आकाराच्या चुंबकाच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवतात, तिला कीपर म्हणतात. तिच्यामुळे चुंबकीय परिपथ पूर्ण होतो आणि चुंबकाची शक्ती सहज कमी होत नाही. ‘चुंबकरक्षक पट्टी’ म्हणा, किंवा ‘राखणपट्टी’. दुसरा माझा शब्द, पण विद्यार्थ्यांना लगेच कळतो असा अनुभव आहे. दाराची कडी ज्यात अडकते तोही इंग्रजीत कीपर, आणि त्याला आपल्याकडे केव्हापासून कोयंडा म्हणतात. पट्ट्याचं मोकळं टोक लोंबू नये म्हणून असलेली छोटी पट्टी कीपर. मौल्यवान अंगठी बोटातून निसटू नये म्हणून तिच्यापुढे घातलेली साधी अंगठी, तीही कीपर. या सगळ्यांत निसटू न देणं हा एकच धागा आहे.

टाइमकीपर दोन प्रकारचे. एक, स्पर्धेत वेळ मोजणारा माणूस. दुसरा, अचूक चालणारं घड्याळ. जॉन हॅरिसनने समुद्रावर रेखांश काढण्यासाठी घड्याळ बनवलं, त्यालाही टाइमकीपर म्हणत. १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत ते फक्त पाचेक सेकंद मागे पडलं. माणसासाठी ‘वेळाधिकारी’ किंवा ‘वेळ नोंदणारा’. घड्याळासाठी नाम नकोच, ‘हे घड्याळ वेळ अगदी बरोबर दाखवतं’ म्हणावं.

एक सावधगिरीची सूचना. ‘कीप’ हे नाम म्हणून आलं तर किल्ल्याचा सर्वांत आतला, मजबूत बुरूज असा त्याचा अर्थ असतो, आणि ‘बालेकिल्ला’ त्याच्या बराच जवळ जातो. ‘अर्न युवर कीप’मध्ये ते अन्नवस्त्र, पोटापाण्याचा खर्च. पण आपल्याकडच्या जुन्या इंग्रजीत ‘हिज कीप’ म्हणजे त्याने ठेवलेली बाई. ‘रखेल’ आणि ‘ठेवलेली’ हे शब्दही राखणे-ठेवणे याच क्रियांतून आले आहेत. माणसाला वस्तू करण्याची वाट दोन्ही भाषांनी आपापली काढली. जुन्या मजकुरात ‘कीप’ दिसलं तर कोणता अर्थ आहे ते दोनदा बघा, कारण इथली चूक कुणाच्या तरी अब्रूवर जाते.

आता आजीकडे वळू. ‘ही इज अ कीपर’मध्ये कीपर हा राखणारा नाही, राखून ठेवावा असा आहे. इंग्रजी ‘-अर’ प्रत्यय नेहमी कर्त्यालाच लागतो असं नाही. ‘बेस्टसेलर’ म्हणजे विकणारा नव्हे, विकलं जाणारं पुस्तक, तसंच हे. मासेमारीत ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा पाण्यात परत सोडावा लागतो. नेण्याजोगा निघाला तर तो ‘कीपर’. फळांच्या बाबतीत ‘गुड कीपर’ म्हणजे साठवणीत टिकणारी जात, ब्रॅम्ली सफरचंदासारखी. हाच शब्द पुढे माणसाला लागला. उपशीर्षकात जागा कमी असते आणि आजीचा आवाज तर यायलाच हवा. ‘तो जपून ठेवण्यासारखा आहे’ हे बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. मी लिहीन: ‘पोरी, याला हातचा जाऊ देऊ नकोस.’ मैत्रीण बोलत असेल तर ‘सोडू नकोस हं याला.’

राहिलं भावाचं वाक्य. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायाच्या नवव्या ओवीत काइन हे म्हणतो. हाबेलला त्याने मारलेलं आहे आणि देव विचारतो आहे, तुझा भाऊ कुठे आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याच अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत हाबेलला ‘कीपर ऑफ शीप’ म्हटलेलं आहे. म्हणजे इंग्रजी वाचकाला काइनच्या उद्धट उत्तरात एक प्रतिध्वनी ऐकू येतो: मेंढ्या राखणारा तो होता, त्याला राखणारा मी आहे का? मूळ हिब्रूत हा प्रतिध्वनी नाही. मेंढ्यांसाठी तिथे ‘रोएह’, म्हणजे चारणारा, आणि भावासाठी ‘शोमेर’. हा शोमेर एकशे एकविसाव्या स्तोत्रात खुद्द देवासाठी आला आहे: परमेश्वर तुझा राखणारा आहे. काइन जो शब्द झटकून टाकतो, तोच तिथे देव स्वतःकडे घेतो.

मराठीत काय करावं? ‘रक्षक’ लिहिलं तर भावाला कुणापासून वाचवायचं होतं, असा प्रश्न येतो. ‘पालक’ लिहिलं तर आईबाप होतात. आपल्याकडे ‘राखणे’ आहे, संस्कृत ‘रक्ष्’पासून प्राकृत ‘रक्ख’वरून आलेलं, आणि ते गुरामेंढरांनाही लागतं आणि माणसालाही. इंग्रजीतलं ‘होल्ड’ हे क्रियापदही गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत गुरं राखण्यासाठीच वापरलं जाई, इतकं हे काम आणि हा शब्द जुने सोबती आहेत. तेव्हा हाबेल ‘मेंढरं राखणारा’ आणि काइनच्या तोंडी ‘मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे?’ असं केलं, की इंग्रजीतला प्रतिध्वनी मराठीत काही न ओढताताणता येतो. मात्र हेच वाक्य एखाद्या कचेरीतल्या संवादात आलं असेल, साहेबाने विचारलं असेल की तुझा सहकारी कुठे उलथला, तर तिथे बायबल नको. तिथे आपला माणूस जे म्हणतो तेच लिहा: ‘मी काय त्याची राखण करायला बसलोय?’